टेलिझूम घेताय? नागपूरची बस धरण्याआधी हा हिशेब करा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या छोट्या लेन्समध्ये तलावाच्या पलीकडच्या काठावरचा पक्षी ठिपक्याएवढा दिसतो. मग टेलिझूमचा शोध सुरू होतो. बाजारात वीस हजारांपासून दोन लाखांपर्यंत सगळं मिळतं, आणि दुकानदार तुम्हाला नेहमी एक पायरी वर चढवायला बघतो. तुमची भटकंती कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही अभयारण्यं आणि भंडारा जिल्ह्यातले तलाव एवढ्यापुरती असेल, तर अर्धा-पाऊण किलोची, ३०० ते ४०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स पुरते. मात्र लेबलवरच्या किमतीला भुलू नका. लेन्स वापरायला घेईपर्यंत एकूण किती लागतात, ते मोजा.

आधी दोन गोष्टी लिहून काढा

पहिली, कॅमेऱ्याचं पूर्ण मॉडेल. सोनीची लेन्स कॅननला बसत नाही, आणि निकॉनच्या जुन्या डीएसएलआरची लेन्स नव्या झेड कॅमेऱ्याला अडॅप्टरशिवाय लागत नाही. दुसरी, हाताची थरथर सावरणारी यंत्रणा, म्हणजे स्टॅबिलायझेशन, कॅमेऱ्याच्या बॉडीत आहे का? सोनी ए६४००, झेडव्ही-ई१०, कॅनन आर५०, आर१०, निकॉन झेड५०, झेड३० यांच्यात ती नाही. सोनी ए६७०० आणि कॅनन आर७ मध्ये आहे. बॉडीत नसेल तर लेन्समध्ये हवीच. सोनीच्या लेन्सवर ओएसएस, कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, टॅमरॉनवर व्हीसी, फुजीवर ओआयएस अशी अक्षरं असतात. ती दिसली नाहीत तर दुकानदाराला थेट विचारा.

किती मिमी पुरेत?

एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा धरू. वरचे सगळे कॅमेरे त्याच मापाचे आहेत. धानाच्या बांधीत तुमच्यापासून ६० मीटरवर सारस उभा आहे, उंची दीड मीटरच्या वर. २१० मिमीला तो फ्रेमच्या उंचीचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतो, ३५० मिमीला निम्म्याहून जास्त. फोटो दोन्हींत मिळतो.

आता २० मीटरवरचा खंड्या घ्या. २१० मिमीला तो फ्रेमच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरतो, म्हणजे फोटो कापून मोठा करावा लागणार. ३५० मिमीला जवळपास एक तृतीयांश फ्रेम भरते. थोडक्यात, सारस, बगळे, नीलगाय, शाळेचं स्नेहसंमेलन, क्रिकेटचा सामना यांना २०० ते २५० मिमी चालते. लहान पक्षी हवे असतील तर ३५० ते ४०० पर्यंत जा.

६०० मिमीचा मोह टाळा. सोनीची २००-६०० दोन किलोंच्या वर जाते, निकॉनची १८०-६०० जवळपास दोन किलोंची आहे. कॅमेरा चारशे ग्रॅमचा आणि लेन्स त्याच्या पाचपट वजनाची, असा जोड गळ्यात अडकवून बांधावरून चालवत नाही. वर ट्रायपॉड किंवा मोनोपॉडचा खर्च आलाच.

कोणत्या कॅमेऱ्याला कोणती?

पुढचे भाव बाजारातले, साधारण आहेत. सणासुदीला ते खाली येतात. घ्यायच्या दिवशी दोन ठिकाणी विचारून खात्री करा.

कॅनन: आरएफ-एस ५५-२१० फक्त २७० ग्रॅमची, आयएससह. भाव ३५ हजारांच्या आसपास. आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची, आयएससह, ५० ते ६० हजारांत. आर५० किंवा आर१० वर तिची पोहोच ६४० मिमीसारखी होते. ती ९० सेंटीमीटरच्या आत फोकस करते, त्यामुळे फुलपाखरांसाठी वेगळी मॅक्रो लेन्स नसली तरी भागतं. पक्ष्यांसाठी कॅननवाल्यांनी फार शोधाशोध करू नये, हीच घ्यावी. नवी आरएफ ७५-३०० दिसायला स्वस्त आहे, पण तिच्यात आयएस नाही. आर५० वा आर१०० वर ती घेऊ नका.

सोनी: ई ५५-२१० ही ३४५ ग्रॅमची, ओएसएससह, वीस हजारांच्या आसपास. ई ७०-३५० जी ६२५ ग्रॅमची, ओएसएससह, ७५ ते ८५ हजारांत. मधल्या भावात, ४५ ते ५० हजारांत, टॅमरॉन ७०-३०० येते. वजन ५४५ ग्रॅम, पण व्हीसी नाही. ए६७०० असेल तर बिनधास्त घ्या. ए६४०० असेल तर शटर १/५०० च्या खाली आणू नका.

निकॉन: झेड डीएक्स ५०-२५० ही ४०५ ग्रॅमची, व्हीआरसह, २५ ते ३० हजारांत. पैशाच्या मानाने सगळ्यात फायद्याची लेन्स हीच. टॅमरॉन ७०-३०० झेड माउंटमध्येही येते, पण झेड५० आणि झेड३० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. सोनी ए६४०० ला दिलेला इशारा इथेही लागू.

फुजी: एक्ससी ५०-२३० ही ३७५ ग्रॅमची, पक्ष्यांना थोडी अपुरी पडते. एक्सएफ ७०-३०० ही ५८० ग्रॅमची, ओआयएस आणि धूळ-पाण्यापासून बचावासह, ७५ हजारांच्या पुढे.

घरात कॅननची जुनी ५५-२५० एसटीएम पडून असेल तर ती फेकू नका. कॅननच्या अडॅप्टरने ती नव्या बॉडीवर चालते, ऑटोफोकससह. अडॅप्टरला नऊ-दहा हजार लागतात. मात्र तीच लेन्स आता सेकंड हँड घेऊन वर अडॅप्टर घेणार असाल, तर बेरीज नव्या हलक्या लेन्सच्या जवळ जाते. तेव्हा नवीच घ्या.

स्वस्ताईची किंमत उजेडात मोजावी लागते

हलकी आणि परवडणारी टेलिझूम उजेड कमी घेते. ३५० ला एफ/६.३, कॅननच्या ४०० ला एफ/८. एफ/६.३ ला आयएसओ ४००० पुरत असेल तिथे एफ/८ ला ६४०० लागतो. सकाळी सातला, सागाच्या दाट सावलीत, हा फरक फोटोत दाण्यांच्या रूपाने दिसतो. तलावाच्या काठी उन्हात तो जाणवतही नाही. जंगलात पहाटे जास्त जात असाल तर एफ/६.३ वाली बघा, तलाव आणि शेतंच जास्त असतील तर एफ/८ ला घाबरू नका.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची हालचाल नाही. बसलेल्या पक्ष्याला १/५००, चालत्याला १/१०००, उडत्याला १/२००० हे आकडे पाठ करून ठेवा.

बिलावर न दिसणारा खर्च

हूड: कॅननच्या ५५-२१० आणि १००-४०० सोबत, तसंच निकॉन ५०-२५० सोबत हूड येत नाही. सोनी आणि टॅमरॉन देतात. कंपनीचं हूड महाग पडतं. त्याच मापाचं दुसऱ्या कंपनीचं पाचशे-सातशेत मिळतं आणि काम तेवढंच करतं.

फिल्टर: ७०-३५०, ७०-३०० आणि १००-४०० या सगळ्यांना ६७ मिमीचा लागतो. तीनशे रुपयांचा ‘फ्री’ फिल्टर लावलात तर सत्तर हजारांची लेन्स असूनही तीनशे रुपयांच्या काचेतून बघता. बरा फिल्टर दीड-दोन हजारांत मिळतो. तेवढे खर्चायचे नसतील तर फिल्टर लावूच नका, हूड लावा.

बुरशी: आपल्याकडच्या पावसाळ्यात हा खरा धोका. ड्राय कॅबिनेटला सात-आठ हजार लागतात. एका लेन्ससाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरतं, सहाशे रुपयांत काम होतं. जेलचा रंग बदलला की ते वाळवा. लेन्स चामड्याच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवू नका.

टेकू: जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही. शिंप्याकडून जाड कापडाची पिशवी शिवून घ्या आणि घरचे तांदूळ भरून गाडीच्या दांडीवर ठेवा. खर्च शे-दोनशे. हजार-बाराशेची बीन बॅग घेण्याची गरज नाही.

जंगल सफारी: कॅमेऱ्याची फी वेगळी लागू शकते. प्रवेश, वाहन, गाइड आणि कॅमेरा यांपैकी कशाकशाचे पैसे बुकिंगच्या रकमेत धरले आहेत, ते पैसे भरण्याआधी वाचा.

आता बेरीज. हूड ७००, फिल्टर २,०००, डबा आणि जेल ६००, ब्लोअर आणि कापड ४००, पिशवी २००, नागपूरची ये-जा ३००. म्हणजे वरचे चार हजार दोनशे. ५५ हजारांची लेन्स साठ हजारांच्या घरात गेली. बजेट तिथून मागे मोजत आणा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ पूर्ण फुकट नसतो. व्याजाएवढी सूट मिळते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. पन्नास हजारांवर सहा महिन्यांत हे पाचशे-सातशे होतात. रोखीचा डिस्काउंट हुकतो, तो आणखी वेगळा.

नागपूर की ऑनलाइन?

पहिली टेलिझूम असेल तर नागपूर. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या शहापूरला महामार्गावर बस मिळते, सकाळी निघून संध्याकाळी घरी. स्वतःचा कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड घेऊन जा. आदल्या दिवशी फोन करून तुमच्या माउंटची लेन्स दुकानात हजर आहे का, ते विचारा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर फेरी वाचवा आणि आगाऊ पैसे पाठवू नका.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव बघा, फक्त संकेतस्थळाचं नाही. परत घेतात की फक्त बदलून देतात, ते वाचा. पत्त्यात जिल्हा भंडारा आणि ४४ ने सुरू होणारा पिनकोड नीट टाका. ठाणे जिल्ह्यातही शहापूर आहे आणि त्याचा पिनकोड ४२ ने सुरू होतो. पार्सल घेताना ओपन बॉक्स डिलिव्हरीचा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर पेटी फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात लेबल आणि सीरियल नंबर दिसला पाहिजे.

काउंटरवर दहा मिनिटं घालवा

पेटीचं सील तुमच्या समोर फोडायला लावा. लेन्स कॅमेऱ्याला लावून दुकानाच्या दारात या. रस्त्यापलीकडची पाटी पूर्ण झूमवर घेऊन चार-पाच फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून चारही कोपरे बघा. एकच कोपरा सतत पुसट येत असेल तर दुसरा नग मागा. लेन्स तोंडाकडून खाली धरा. नवी असताना नळी आपोआप घसरू नये. झूमची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा, मध्ये अडकायला नको.

तीन युक्त्या ओळखून ठेवा. एक, ‘जीएसटी वेगळा’. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यावर रुपयाही देऊ नका. दोन, ‘बिलाशिवाय चार हजार कमी’. पेटीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल नसेल तर माल बाहेरून आलेला असू शकतो. मग कंपनीची भारतातली वॉरंटी मिळेलच असं नाही आणि ‘दुकानाची वॉरंटी’ दुकान असेपर्यंतच. तीन, पांढऱ्या पेटीतली लेन्स. ती कॅमेऱ्याच्या किटमधून सुटी केलेली असते. माल अस्सल आणि स्वस्त असू शकतो, पण वॉरंटी लेन्सच्या नावे मिळेल असं बिलावर लिहून देत असतील तरच घ्या.

सेकंड हँड आणि भाड्याने

सेकंड हँड लेन्स अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चने आरपार बघा. जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की बुरशी. ‘साफ होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला आधी साफ करून आणायला सांगा. मूळ बिल, पेटी आणि लेन्सवरचा सीरियल नंबर जुळवा. बिल नसेल तर सौदा सोडा.

वर्षातून एकदाच सफारी होत असेल तर विकत घेऊच नका. नागपुरात मोठ्या लेन्स दिवसाला साधारण हजार ते दीड हजाराने भाड्याने मिळतात. ओळखपत्र लागतं, अनामत लागते. आधारची प्रत देताना शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. कोरा चेक देऊ नका. आधीचे ओरखडे मालकासमोर मोबाइलवर टिपून घ्या.

लेन्स कुठलीही घ्या, भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीच्या परिसरात ती पिशवीतच ठेवा. पक्षी टिपत होतो, हे तिथे कुणी ऐकून घेणार नाही.

कागद आणि तक्रार

घरी येण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: लेन्सचा सीरियल नंबर छापलेलं जीएसटी बिल, तारीख आणि शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याची पावती. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी क्रमांक टाकायला सांगा, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. सर्व्हिस सेंटर कुठे आहे आणि लेन्स बाहेरगावी पाठवावी लागली तर कुरिअर आणि विमा कोण भरणार, हेही तिथेच विचारून घ्या.

वॉरंटी नाकारली, एमआरपीहून जास्त घेतले किंवा भलताच माल दिला, तर आधी दुकानाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतरही हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथे दावा लावता येतो. म्हणजे दुकान नागपूरचं असलं तरी भंडाऱ्यात. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य आणि वकील सक्तीचा नाही. बिल मात्र लागतंच. ते ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्या दुकानातून पैसे न देता बाहेर पडा.