प्रत्येक रक्त मूळव्याधीचे नसते



आगरच्या एका काकांनी वर्षभर मूळव्याधीची पुडी खाल्ली. शौचातून रक्त जातच होते. लाजेपोटी घरीही सांगितले नाही. मोठ्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतापर्यंत गेला होता.

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी मोडासारखी गाठ येते. बहुतेक गाठी निरुपद्रवी राहतात, पण काहींचा कर्करोग होतो. त्याला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढ्यात दुर्बिणीने गाठ दिसली तर त्याच वेळी काढता येते.

ही लक्षणे अंगावर काढू नका : शौचातून रक्त किंवा काळसर शौच, काही आठवडे टिकलेला जुलाब वा बद्धकोष्ठ, पोट साफ न झाल्याची भावना, वजन घटणे. आपल्याकडे रक्त कमी म्हटले की कुपोषण किंवा सिकलसेल समजून लोहाच्या गोळ्या देतात. पण पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी झाले, तर आतड्यातून रक्त झिरपते का हे पाहायलाच हवे.

सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख पाहतात. आतडे पाहत नाहीत. म्हणून आपणच तोंड उघडायचे. डहाणूच्या उपजिल्हा किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जा. डॉक्टर बोटाने गुदद्वार तपासतील. त्यात दोन मिनिटे जातात आणि खालच्या भागातली गाठ अनेकदा हाताला लागते. गरज पडल्यास पुढे दुर्बिणीसाठी पाठवतील. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसतात. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला हा आजार झाला असेल तर लक्षण नसतानाही डॉक्टरांना विचारा.

दारू, ताडी आणि तंबाखूने धोका वाढतो. पाचवे शील इथेही आपले रक्षण करते. नाचणी, डाळी, पालेभाजी, फळे रोज खा.

पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, असे विनयपिटकात आहे. त्यांना किळस वाटली नाही. मग आपल्याला सांगायला लाज कशाची? येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात हा विषय काढा. एकाने जरी लक्षण सांगितले तरी एक घर वाचेल.

नमो बुद्धाय!