जुन्या ट्रॅक्टरसाठी दुरुस्ती-पुस्तकाची निवड

तीस-चाळीस वर्षे राबलेले ट्रॅक्टर आजही खेड्यापाड्यांतून नांगरट, मळणी व वाहतुकीची कामे करताना दिसतात. अशा ट्रॅक्टरचे इंजिन मृगाच्या तोंडावर उघडावे लागले आणि जुळणी चुकली, तर वाफसा साधण्याची संधी हुकते व त्या हंगामाचे नुकसान भरून निघत नाही. सुटे भाग मिळतात, मिस्त्रीही मिळतो. परंतु त्या विशिष्ट यंत्राची मापे ज्यात दिलेली आहेत असे पुस्तक बहुधा जवळ नसते, अथवा असते ते दुसऱ्याच यंत्राचे असते. यांपैकी दुसरी स्थिती अधिक घातक होय. पुस्तक नसेल तर मिस्त्री जपून हात घालतो. चुकीचे पुस्तक असेल तर तो निश्चिंतपणे चूक करतो.

ट्रॅक्टरसंबंधीची पुस्तके तीन प्रकारची असतात. ट्रॅक्टरबरोबर मिळते ती चालक-पुस्तिका. तीत तेल केव्हा बदलावे, गाळणी कशी साफ करावी, ग्रीस कोठे भरावे एवढेच असते. दुसरी सुट्या भागांची सूची. तीत प्रत्येक भागाचे चित्र व क्रमांक असतो, पण माप नसते. तिसरे वर्कशॉप-पुस्तक, म्हणजेच खरे दुरुस्ती-पुस्तक. पुष्कळ शेतकरी पहिली पुस्तिका जपून ठेवतात व तीवरून इंजिनाचे काम होईल असे समजतात. ते होत नाही. सुट्या भागांची सूची मात्र टाकाऊ समजू नये. कोणती वॉशर कोणत्या बाजूस बसते हे दुरुस्ती-पुस्तकापेक्षा पुष्कळदा तिच्यातील चित्रावरूनच अधिक स्पष्ट कळते.

पुस्तक पाहण्यापूर्वी ट्रॅक्टर पाहावा. बॉनेटवरील नाव हा पुरेसा पुरावा नव्हे. मॅसी फर्ग्युसन ३५ हे याचे उत्तम उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या या ट्रॅक्टरला आरंभी स्टँडर्ड कंपनीचे चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन होते. १९५९ साली मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स ही इंजिन बनविणारी कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर याच नावाच्या ट्रॅक्टरवर पर्किन्सचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसू लागले. नाव व बांधणी बरीचशी तीच, परंतु इंजिन सर्वस्वी निराळे. चार सिलिंडरांच्या इंजिनात वेट लायनर असतात. त्यांच्या बाहेरून पाणी खेळते व खालच्या सीलकडे फार लक्ष द्यावे लागते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात ड्राय लायनर असतात व ते दाब देऊन बसवावे लागतात. एकाची कृती दुसऱ्यास लावल्यास लायनर तरी फुटेल किंवा पाणी तेलात तरी उतरेल. इंधन पेटण्याचा क्रमही भिन्न, एकाचा १-३-४-२ तर दुसऱ्याचा १-२-३. सुदैवाने ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. डिझेल पंपातून इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या मोजाव्यात. तीन असतील तर इंजिन तीन सिलिंडरांचे, चार असतील तर चारांचे.

बी-२७५ या ट्रॅक्टरची गोष्टही अशीच आहे. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या सहकार्याने कंपनी काढून हे नाव भारतात आणले. मूळच्या ब्रिटिश इंजिनात डिझेल आधी एका लहान कप्प्यात फवारले जाई व थंडीत चालू करण्यासाठी हीटर प्लग लागत. पुढे आलेल्या नमुन्याच्या नावाशेवटी ‘डीआय’ ही अक्षरे आली. म्हणजे डिझेल सरळ पिस्टनवर फवारले जाते. ब्रिटिश पुस्तक घेऊन ‘डीआय’ ट्रॅक्टरचे हेड उघडणारा मिस्त्री त्यात नसलेले हीटर प्लग शोधत बसेल. म्हणून ट्रॅक्टरच्या पाटीवरील क्रमांक व इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक असे दोन्ही क्रमांक प्रथम वहीत उतरवून घ्यावेत व नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहावेत. जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन मधल्या काळात बदललेले असणे ही नवलाची गोष्ट नाही. चांगले पुस्तक ते कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या ट्रॅक्टरांना लागू आहे हे आरंभीच सांगते. जे सांगत नाही, ते घेऊ नये.

एवढे जुळल्यावर पुस्तकाची परीक्षा करावी. ती पहिल्या पानावरून होत नाही, कारण तेल बदलण्याची माहिती सर्वच पुस्तकांत नीट असते. सरळ हायड्रॉलिक लिफ्टचे, नंतर डिझेल पंपाच्या टायमिंगचे प्रकरण उघडावे. तेथे ‘नीट जुळवून बसवावे’ एवढेच लिहिले असेल तर ते पुस्तक मिस्त्रीच्या उपयोगाचे नाही. कोणती खूण कोणत्या खुणेसमोर आणावी, त्या वेळी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कोठे असावा, हे चित्रासह दिलेले असले पाहिजे. यानंतर क्रँकशाफ्टचे पान पाहावे. चांगल्या पुस्तकात नव्या भागाचे माप व झिजण्याची कमाल मर्यादा ही दोन्ही दिलेली असतात. नुसते नवे माप कळून शेतकऱ्याचा काहीच निर्णय होत नाही. शाफ्ट घासून चालेल की टाकून द्यावी लागेल, हे मर्यादेवरूनच ठरते. हेडचे नट कोणत्या क्रमाने आवळावेत याची आकृतीही हवी. मधून सुरुवात करून बाहेर जाण्याचा क्रम सामान्यतः असतो, परंतु प्रत्येक इंजिनाची आकृती वेगळी.

मापांच्या एककांविषयी विशेष सावध राहावे. ब्रिटिश पुस्तकांत मापे इंचात व ‘थाऊ’मध्ये असतात, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात ०.०२५४ मिलिमीटर. पर्किन्सच्या तीन सिलिंडरांच्या वर उल्लेखिलेल्या इंजिनात थंड असताना टॅपेटचे अंतर १२ थाऊ, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर ठेवावयाचे असते. पुस्तकात ते ०.०१२ असे छापलेले असते. कोणी तो आकडा मिलिमीटर समजला तर अंतर जवळजवळ उरणारच नाही. फिलर गेजमधील सर्वांत पातळ पट्टीही सहसा त्याहून जाड असते. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसणार नाही व जळेल. नट आवळण्याच्या ताणाचेही तसेच आहे. ६० पौंड-फूट म्हणजे सुमारे ८.३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजेच सुमारे ८१ न्यूटन-मीटर. ८१ हा आकडा पौंड-फूट समजून आवळल्यास ताण तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढतो आणि जुना स्टड तुटतो. ब्लॉकमध्ये तुटून राहिलेला स्टड काढणे किती त्रासाचे असते हे मिस्त्रींना सांगावयास नको. ज्या पुस्तकात दोन्ही एकके शेजारीशेजारी छापलेली असतील ते अधिक पसंत करावे, मग ते थोडे महाग असले तरी चालेल.

पुस्तक प्रथम कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे मागावे. अनेक ट्रॅक्टरांचे मिळून एकच पुस्तक असते ते स्वस्त पडते, पण त्यात प्रत्येकाच्या वाट्यास थोडीच पाने येतात. दुसरे काही मिळत नसेल तरच ते घ्यावे. एचएमटी ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांची अडचण निराळी आहे. पिंजोर येथे १९७१ साली झेटरच्या सहकार्याने सुरू झालेला हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली मान्यता दिली. त्यामुळे जुने वर्कशॉप-पुस्तक ज्या मिस्त्रीकडे असेल त्याच्याकडून त्याची प्रत वेळीच करून घ्यावी. मध्य प्रदेशातील बुधनी येथे १९५५ पासून असलेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात. चाचणीनंतर उघडलेल्या इंजिनाची झीज व निर्मात्याने सांगितलेली मर्यादा अहवालात दिलेली असते. आपल्या ट्रॅक्टरचा अहवाल उपलब्ध असेल तर तो पुस्तकाच्या जोडीला ठेवण्याजोगा आहे.

प्रत मोबाइलवर असो वा झेरॉक्स केलेली असो, मापांचे तक्ते डोळ्यांखालून घालावेत. अस्पष्ट प्रतीत ३ व ८ हे आकडे सारखेच दिसतात, आणि घडीची मोठी आकृती अर्धीच उतरलेली असते. पानांचे क्रमांक सलग आहेत की नाहीत तेही पाहावे. गावात एकाच नमुन्याचे चार ट्रॅक्टर असतील तर चौघांनी मिळून एक पुस्तक घ्यावे व ते ग्रामपंचायतीच्या वाचनालयात किंवा सोसायटीच्या कार्यालयात ठेवावे. मागील कोऱ्या पानावर प्रत्येक ट्रॅक्टरचा इंजिन क्रमांक, दुरुस्तीची तारीख, क्रँकशाफ्ट कितव्या मापाला घासली व कोणत्या मापाच्या बेअरिंग घातल्या, हे मिस्त्रीकडून तेथल्या तेथे लिहून घ्यावे.