हिवाळी सुटीतील पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण

पक्ष्यांच्या चोची व पाय यांविषयीचा पाठ प्राथमिक शाळेत बहुधा चित्रावरून शिकविला जातो. तोच पाठ डिसेंबर-जानेवारीतील सुटीच्या एखाद्या सकाळी पाण्याच्या काठी आपोआप उलगडतो. त्याकरिता शिक्षकाने प्रथम स्वतःच्या कुटुंबासह एकदा फिरून यावे, हे उत्तम. घरच्या मुलांपुढे जे साधते, ते पुढे चाळीस मुलांपुढे साधते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे स्थळ उदाहरणादाखल घेऊ. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचत जाऊन उथळ पाणी, बेटे व पाणवनस्पती यांची दलदल निर्माण झाली. शेतीच्या पाण्यासाठी केलेल्या कामातून पाखरांचा हिवाळी मुक्काम उभा राहिला. १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली रामसर करारान्वये महत्त्वाचे पाणथळ स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रातील असे ते पहिलेच होय.

समजा, एक शिक्षक पत्नी, दोन मुले व वृद्ध मातोश्री यांसह तेथे गेले आहेत. पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा तरंगत आहे. मुलगी नाव विचारते. आजी म्हणते, “अगं, कपाळी पांढरं गंध लावल्यावाणी दिसतं ना? तो वारकरी.” नाव एकदा असे कळले की ते विसरत नाही. पलीकडे थापट्या बदक आपली रुंद, चपटी चोच पाण्यावर फिरवून अन्नकण गाळून घेत आहे. चिखलात शेकाट्या लांब तांबूस पायांवर उभा आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस हिमालय ओलांडून आलेले असतात, हे सांगताच मुले नकाशा मागतात. तो बरोबर न्यावा.

मुलाच्या हाती मोबाइल असतो. तो म्हणतो, “बाबा, अजून थोडं पुढं जाऊ का? फोटो फार लहान येतोय.” येथे पाठाचा कठीण भाग सुरू होतो. “नको. बघ, त्यांनी खायचं थांबवलं आणि माना वर केल्या. आता एक पाऊलही पुढं नाही,” असे वडिलांनी सांगावे व कारणही द्यावे. परतीच्या प्रवासासाठी ही पाखरे अंगात चरबी साठवीत असतात. प्रत्येक वेळी उठविलेल्या थव्याची चरण्याची वेळ वाया जाते व शक्तीही खर्च होते. खडा मारून उडविलेल्या थव्याचे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी वर्गात लावू नये. घरट्याजवळ तर छायाचित्रणास जाऊच नये.

सूर्य पाठीशी घेऊन, फिक्या मातकट कपड्यांत, सकाळी लवकर उभे राहावे. मोबाइलचे चित्र अस्पष्ट आले तरी चालेल. त्याखाली तारीख, वेळ, स्थळ व अंदाजे संख्या लिहिली असेल, तर ते अभ्यासास उपयोगी पडते. थवा मोठा असल्यास दहा पक्षी मोजावेत आणि तेवढे किती गट मावतात हे पाहावे. गुणाकाराचा हा पाठ मुलांना फार आवडतो. नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ हाताशी असावा. स्थानिक मच्छीमारांनाही विचारावे. त्यांची नावे निराळी असतात; तीही वहीत उतरावीत.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. अनेक ठिकाणी तो घोषणा व प्रभातफेरी यांवरच आटोपतो आणि पाहुणी पाखरे मोठ्या संख्येने उतरतात ती त्यानंतर! म्हणून नोंदवही फेब्रुवारीअखेर चालू ठेवावी. दूर जाणे शक्य नसल्यास गावचा पाझर तलाव पुरतो. धोबी तेथेही शेपटी हलवीत येतो. वही सांभाळण्याचे काम शक्यतो गलोल बाळगणाऱ्या मुलाकडे द्यावे. पाखरू कोठे बसते, कधी उठते, हे वर्गात त्याच्याइतके कोणासच ठाऊक नसते.