गाडीचे पुस्तक



मागल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी सकाळी माझ्या दारात एक गाडी येऊन थांबली. पांढरी पिकअप. पुढे झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची. गाडीतून उतरला तो माझा जुना विद्यार्थी. सातवीपर्यंत माझ्या हाताखाली होता. पाया पडला, पेढा दिला आणि म्हणाला, "गुरुजी, गाडी घेतली. जुनीच हाय, पण इंजिन झ्याक हाय. आता शिरोलीला भाडी मारणार."

मी गाडीभोवती एक फेरी मारली. मग विचारले, "पुस्तक कुठाय?"

"कसलं पुस्तक, गुरुजी?"

"अरे, गाडीचं."

"ते होय! एजंटाकडं हाय. बघू की निवांत."

मी पेढा हातातच धरून ठेवला. म्हटले, "मग गाडी तुझी नाही. आधी पुस्तक आण, मग पेढा खातो."

मंडळी, त्याला राग आला असेल. पण खरे तेच सांगितले. आपण ज्याला गाडीचे पुस्तक किंवा आरसी म्हणतो, ते आता पुस्तक राहिलेले नाही. हातात मावेल एवढे कार्ड असते. त्यावर ज्याचे नाव, तो कायद्याने मालक. पैसे तुम्ही मोजले, किल्ली तुमच्याकडे आहे, तरी नाव जुन्या मालकाचे असेल तर गाडी त्याची. उद्या अपघात झाला तर भरपाईसाठी कोर्ट त्या नावाच्या माणसाला बोलावते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असाच निकाल दिला आहे. म्हणून विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. त्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. त्यासाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म आहेत. कर्ज काढून गाडी घेतली असेल, तर पुस्तकावर बँकेचेही नाव चढते. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ते आपोआप उतरत नाही. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म देऊन ते उतरवून घ्यावे लागते. कित्येक जण हे विसरतात आणि गाडी विकायच्या वेळी धावपळ करतात.

आठ-दहा दिवसांनी पोरगा कागद घेऊन आला. तेव्हा मी पेढा खाल्ला. जरा वाळला होता.

आता शिरोलीविषयी थोडे सांगतो. कोल्हापुरातून पुण्याकडे निघालात की पंचगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की शिरोली. तिथे महामार्गाला लागून एमआयडीसी आहे. फौंड्र्या पुष्कळ. फौंड्री म्हणजे ओतकामाचा कारखाना. भट्टीत बीड वितळवतात, वाळूच्या साच्यात ओततात आणि यंत्रांचे भाग तयार करतात. पूर्वी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीची ऑईल इंजिने बनत. त्या धंद्याबरोबर इथे ओतकाम वाढले. ओतलेला माल तासायला, भोके पाडायला दुसऱ्या कारखान्यात जातो. कधी तो जवळच असतो, कधी गोकुळ शिरगावला. ही ने-आण करायला मोठा ट्रक परवडत नाही. तिथे पिकअप कामाला येते.

आपण तिला टेंपो म्हणतो. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात टेंपो नावाच्या गाड्या बनत. त्यांच्याशी करार करून पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीने इकडे तीनचाकी गाड्या काढल्या. कंपनी २००५ साली नाव बदलून मोकळी झाली. आपल्या तोंडी मात्र टेंपो राहिला तो राहिलाच. पिकअपही बाहेरूनच आली. मोटारीच्या मागे हौदा बसवून कारखान्यातच तयार केलेली पिकअप अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली विकायला काढली. तिकडे आज हौसेनेही पिकअप घेतात. आपल्याकडे ती पोटासाठी घेतात. म्हणून तिचा हिशेब चुकवून चालत नाही.

पुस्तक हातात आले, तेव्हा मी त्याला म्हटले, "वाच. यात दोन वजने लिहिली आहेत. एक रिकाम्या गाडीचे. दुसरे भरलेल्या गाडीचे, म्हणजे गाडी, माल आणि माणसे मिळून जास्तीत जास्त किती असावे ते." अंक इंग्रजी असतात. आपण मराठी अंक शिकलो, आता इंग्रजीही ओळखायला शिकू. दहाच आहेत.

समजा, भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलो आणि रिकाम्या गाडीचे १,६०० किलो लिहिले आहे. वजाबाकी करा. १,४०० उरले. त्यातून ड्रायव्हर आणि हमाल यांचे १४० वजा करा. उरले १,२६० किलो. एवढाच माल भरायचा.

आता गंमत पाहा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा बिडाचा भरीव ठोकळा घेतला, तर त्याचे वजन सुमारे २०० किलो भरते. म्हणजे सहा ठोकळे ठेवले की गाडी भरली! हौदा आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद असेल, तर त्याच्या तळावर असे चाळीस ठोकळे मावतील. सहा ठेवल्यावर हौदा जवळजवळ मोकळाच दिसतो. चिरमुऱ्यांची पोती मात्र हौद्याच्या वरपर्यंत रचली तरी वजन भरत नाही. फौंड्रीचा माल डोळ्यांनी भरायचा नाही. तो काट्यावर भरायचा.

पोराने ऐकून घेतले. मान डोलावली. आणि दोन महिने उलटायच्या आत जे व्हायचे ते झाले.

दर खेपेला तो दोन टन भरत होता. जादा मालाचे दोनशे रुपये जास्त मिळत. एके दिवशी सांगली फाट्याच्या अलीकडे मागचा मुख्य पाटा तुटला. गाडी एकदम डावीकडे ओढली गेली. कडेने पहिल्या पाळीचा एक कामगार सायकलवरून चालला होता. तो हातभर अंतराने वाचला. सायकलचे मागचे चाक वाकले. पोरगा मला सांगत होता तेव्हा त्याचे हात थरथरत होते. म्हणाला, "गुरुजी, त्यानं मला शिवी बी दिली न्हाई. नुसता बघत राह्यला."

मी त्या दिवशी त्याला रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसवले. दोन महिन्यांत खेपा किती? पन्नास. दोनशे गुणिले पन्नास, दहा हजार रुपये जादा मिळाले. आता खर्च लिही. पाटे, मागचे दोन टायर, मजुरी, त्या माणसाची सायकल, आणि गाडी पाच दिवस उभी राहिली त्याचे बुडालेले भाडे. बेरीज गेली अठ्ठावीस हजारांवर. पोलिसाने धरले असते तर आणखी वेगळे. २०१९ साली कायदा बदलला. त्यात जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. शिवाय जादा माल तिथेच उतरवून घ्यावा लागतो.

"पण गुरुजी, समदेच भरत्यात. मी कमी भरला तर माल दुसऱ्याला जाईल." हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. भाडे देणारा घाईत असतो, आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही. मला त्याला तोड सांगता आली नाही. एवढेच म्हणालो, की दोन खेपांचे भाडे मागून पाहा, आणि काट्याची पावती दाखवून माग. काही जणांनी दिले, काहींनी दिले नाही. जे देत नाहीत त्यांच्याकडे तो आता जात नाही. महिन्याची मिळकत थोडी घटली, हेही सांगितले पाहिजे.

वजनाचा खरा संबंध ब्रेकशी आहे. भरलेली गाडी थांबायला जास्त जागा लागते. वेग दुप्पट केला तर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागते. घाटात तर विचारूच नका. आंब्याच्या घाटाने रत्नागिरीकडे उतरताना सारखा ब्रेक दाबून धरला, तर लायनर तापतात आणि ब्रेक धरेनासा होतो. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे इंजिनच गाडीला आवरते. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून, गाडी मोकळी सोडून उतरणारे शहाणे मी पाहिले आहेत. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत जाते. पेडल दगडासारखे लागते.

माल ठेवण्याचीही रीत आहे. जड माल केबिनच्या बाजूने, मागच्या चाकांच्या पुढे ठेवावा. फाळक्यापाशी ठेवला तर गाडीचे तोंड वर होते, आणि स्टिअरिंग हातात हलके लागते. माल दोराने घट्ट बांधावा. बिडाचा गोल भाग वळणावर सुटला, तर तो फाळका मानत नाही.

रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी पाच मिनिटे द्या. आपण बैलाच्या खांद्यावर, खुरावर हात फिरवून पाहत होतो की नाही? तसेच. गाडी सपाटीवर, इंजिन थंड. ऑईलची पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि पाहा. दोन खुणांच्या मध्ये ऑईल असले पाहिजे. रेडिएटरचे पाणी पाहा. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते. चाकांचे नट पाहा. गाडीखालच्या जमिनीवर डाग आहे का पाहा. टायरची हवा लाथ मारून कळत नाही. ती मोजून भरावी. किती भरायची ते दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते.

टायरचीही जन्मतारीख असते, हे ठाऊक आहे का? टायरच्या अंगावर चार आकडी संख्या असते. समजा २३२४ आहे. म्हणजे २०२४ सालातल्या २३ व्या आठवड्यात टायर बनला. जुना टायर नवा म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर हे चार आकडे त्याला उघडे पाडतात.

शिरोलीत आणखी एक त्रास आहे, धुळीचा. साच्यांच्या वाळूची काळी धूळ हवेत असते. इंजिन त्याच हवेवर श्वास घेते. त्याच्या नाकाला जो कागदी फिल्टर असतो, तो इथे लवकर भरतो. मग धूर काळा येतो आणि डिझेल जास्त लागते. हे कळायला वही लागते. एकदा टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरा. समजा, मध्ये ४८० किलोमीटर झाले आणि ४० लिटर डिझेल बसले. भागाकार करा, लिटरला १२ किलोमीटर. पुढच्या महिन्यात हेच १० झाले, तर काहीतरी बिघडले. फिल्टर भरला असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, किंवा ब्रेक चाकाला चिकटून राहत असेल. वही दाखवली की मेस्त्रीही नीट बोलतो.

आता पुराचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीपाशी महामार्गावर आले, वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. ट्रकांच्या रांगा लागल्या. पाऊस धरून राहिला की गाडी आधीच उंचावर नेऊन ठेवावी. आणि पाण्यात बुडालेली गाडी, पाणी ओसरले म्हणून चालू करू नये. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी असताना किल्ली फिरवली, तर आतला दांडा वाकतो आणि इंजिन जाते. बॅटरीची वायर काढावी आणि गाडी ओढून गॅरेजला न्यावी.

जोतिबाची चैत्र यात्रा आली, लग्नसराई आली, की लोक म्हणतात, "हौदा रिकामाच हाय की, घे आमाला." नाही म्हणणे जड जाते. भावकी असते. पण ती मालाची गाडी आहे. हौद्यात माणसे बसवायला कायद्याची मनाई आहे. काही झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई मालकाच्या घरादारावर येते. पैशाचे सोडा. हौद्याला धरायला काही नसते. एका वळणावर सगळे वऱ्हाड एका बाजूला सरकते, आणि गाडी त्याच बाजूला कलंडते.

परवान्याबद्दल लोक विचारतात. हलक्या मोटारीचा परवाना असणारा माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नक्की केले. गाडीचे एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसेल, तर वेगळे परमिट लागत नाही. विमा, पीयूसी आणि फिटनेस मात्र लागतेच. फिटनेस आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचे मिळते, त्यापुढे दर वर्षी घ्यावे लागते. हे कागद मोबाईलमध्ये डिजिलॉकरवर ठेवून दाखवले तरी चालतात.

त्या पोराची वही आता त्याची बायको लिहिते. ती आमच्या रात्रीच्या वर्गात शिकली. मीटर, डिझेल, ऑईल बदलल्याची तारीख, सगळे तिच्या अक्षरात आहे. थोडे तिरके, पण स्वच्छ. गेल्या महिन्यात तिने विम्याची तारीख वाचली आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, ह्यो काल संपलाय." त्या दिवशी चांगली वर्दी आलेली होती. थोडी बाचाबाची झाली म्हणतात. गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी विमा भरून आला. तिने पावतीवरची तारीख वाचली, वहीत लिहिली, आणि मग खुंटीवरची किल्ली काढून दिली.