धुतलेल्या काचेवर डाग का?

गच्चीवरचे सौर पॅनेल विंधन विहिरीच्या पाण्याने धुतले, की वाळल्यावर काचेवर पांढुरके ठिपके दिसतात. नितळ पाण्यातून हे आले कुठून?

एक प्रयोग करा. काचेच्या एका पट्टीवर विंधन विहिरीच्या पाण्याचा थेंब ठेवा, दुसरीवर ऊर्ध्वपातित पाण्याचा. दोन्ही उन्हात वाळवा. पहिलीवर पांढरे कडे उरेल. दुसरी जवळजवळ स्वच्छच राहील.

दुष्फेन पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी वाळताना कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्षार असलेले 100 मिलिलिटर पाणी काचेवर वाळले, तर जवळपास 50 मिलिग्रॅम क्षार तिथेच चिकटतात. दर धुण्याला त्यांत भर पडते. हा थर प्रकाश अडवतो. खरवडावा तर काचेवर ओरखडे पडतात.

म्हणून मोठ्या सौर प्रकल्पांत क्षार काढलेले पाणी वापरणे हिताचे. आयन-विनिमय पद्धतीत एक रेझिन कॅल्शियमसारखे धन आयन घेऊन हायड्रोजन आयन देते. दुसरे ऋण आयन घेऊन हायड्रॉक्सिल आयन देते. या दोहोंचे पुन्हा पाणीच होते! घरी मात्र सकाळी, पॅनेल थंड असताना धुवावे आणि पाणी वाळण्यापूर्वी रबरी पट्टीने निपटून काढावे.

आता सांगा: गाळून साठवलेले पावसाचे पाणी वापरले, तर ठिपके कमी का पडतील?