बालकांचा खेळ व हातातील पडदा

अंगणात धुळीने माखून खेळणारे मूल व मोबाईलच्या पडद्याकडे एकटक पाहत बसलेले मूल, ह्या दोहोंपैकी पुष्कळ आईबापांस दुसरेच अधिक शहाणे वाटते; कारण ते पडत नाही, रडत नाही, व शेजाऱ्यांचे गाऱ्हाणे घरी आणीत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मानवत, सेलू अथवा जिंतूरकडील शेतांत दिवसभर राबून आलेली माता स्वयंपाकास लागते, तेव्हा ती मोबाईल मुलाच्या हाती देते. तिला दोष देणे सोपे आहे, परंतु न्यायाचे नाही. घरात मूल सांभाळावयास दुसरे कोणी पुढे होत नाही, म्हणून ती ते यंत्र पुढे करते. तथापि जे सोयीचे ते हिताचेच असते असे नाही. सबब ह्या गोष्टीचा आपण शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट ही की, खेळ म्हणजे वेळ दवडणे नव्हे. सागरगोट्यांनी हात व डोळा एकमेकांस साथ देऊ लागतात. चिंचोक्यांनी मोजणी येते. लगोरी व आट्यापाट्या ह्यांत आपल्या पाळीची वाट पाहणे व हार सोसणे ही मुलांस न सांगता कळतात. गडी बाद झाला की नाही, ह्यावरून मुले भांडतात व निवाडाही आपणच करितात. पडदा मुलाशी भांडत नाही, आणि त्याचे ऐकूनही घेत नाही. आपल्या बोबड्या शब्दास कोणी उत्तर देते, म्हणूनच मूल बोलावयास शिकते.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सांगितले की, दोन वर्षांच्या आतील बालकांस पडद्यापुढे बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसातून एक तासाहून अधिक नको, व त्याहून कमी असेल तर बरेच. ह्याच वयाच्या मुलांनी दिवसभरात मिळून तीन तास तरी हालचाल करावी. चीनमधील ग्वांगझू शहरी शाळेतील लहान मुलांस रोज ४० मिनिटे अधिक बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांस, तर इतरांपैकी सुमारे ४० टक्क्यांस लांबचे अंधुक दिसण्याचा दोष जडला होता. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. अंगणातील उजेड डोळ्यांसही हितकारक आहे.

तिसरी गोष्ट उपायाची. २०२२ साली आपल्या राज्यातील दोन गावांनी दोन मार्ग धरिले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात बान्सी येथे अठरा वर्षांखालील मुलांस मोबाईलबंदीचा ठराव झाला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला, आणि साडेआठपर्यंत मोबाईल व टीव्ही लहानथोर सर्वांनीच बंद ठेवावे असे ठरले. आम्हांस दुसरा मार्ग अधिक पटतो. कारण जो नियम बाप स्वतः पाळीत नाही, तो मुलास शिक्षाच वाटतो.

तेव्हा घरोघरी इतके करावे. जेवताना व निजण्यापूर्वी मोबाईल सर्वांनीच दूर ठेवावा. परभणीच्या वैशाखातील दुपारी बाहेर पाठविणे योग्य नव्हे. तेव्हा घरातच सागरगोटे व चिंचोके काढावे, व ऊन उतरल्यावर अंगण मोकळे करावे. मात्र अगदी लहान बालके चिंचोके तोंडात घालितात, म्हणून ते त्यांच्यापासून दूर ठेवावे. आजीआजोबांनी आपले खेळ नातवंडांस शिकवावे. आणि मुलाच्या हाती मोबाईल, तर त्याच्या बहिणीच्या हाती केरसुणी, असे ज्या घरी चालते, तेथे दोघांसही खेळावयास पाठवावे. खेळ तिच्याही वाट्याचा आहे.

आता प्रत्येक कुटुंबाने हे प्रश्न आपसांत विचारावे: काल आपले मूल बाहेर किती वेळ खेळले? त्याच्याशी आपण किती वेळ बोललो? आणि ते आपणांस हाक मारीत असता आपल्या हाती काय होते?