यादीत कोण नाही?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलपासून अंत्योदय व प्राधान्य कुटुंबांच्या शिधापत्रिकांवर दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना सुरू झाली. पण वीटभट्ट्यांवर अडकलेल्या अनेक कातकरी कुटुंबांकडे शिधापत्रिका नव्हती, किंवा ती गावी राहिली होती. यादी होती, धान्यही होते. भुकेलेला मात्र यादीबाहेर होता.

यातून आपण काय शिकावे? गरज आणि मागणी एक नव्हे. मागणी करायला ओळख लागते, कागद लागतो. गरज पुष्कळदा मुकी असते. म्हणून साथीच्या काळात गावाची पाहणी करताना आपण तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : यादीत कोण नाही? एकटे वृद्ध, विधवा, अपंग, परगावचे मजूर यांना आधी शोधावे.

दुसरा : नेमके काय कमी आहे? गहू मिळाला, पण दळणाला पैसे नाहीत, तेल-मीठ नाही, तर चूल पेटत नाही.

तिसरा : उत्तर कोण देतो? सरपंचांना विचारावेच, पण पाड्यावरच्या बायांनाही वेगळे विचारावे. डब्यात किती दिवसांचे पीठ उरले आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

मदतीची पोती भरण्यापूर्वी आपण एवढे केले, तर ती योग्य दारी पोहोचतील.